नर्सिंग स्टुडंट्स, वॉर्डात विचार करायची सवय कशी लावायची?

क्रिटिकल थिंकिंग हा शब्द पहिल्या वर्षापासून कानावर पडतो. असेसमेंट, डायग्नोसिस, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन हे नर्सिंग प्रोसेसचे पाच टप्पे परीक्षेत धडाधड लिहिता पण येतात, पण वॉर्डात पेशंटसमोर उभं राहिलं की नेमकं काय करायचं तेच सुचत नाही. मी बरीच वर्षं स्टुडंट्सना घेऊन वॉर्डात फिरतेय. मुलं हुशार असतात, मेहनती असतात, फक्त आकडा चार्टवर चढवला की काम संपलं असं त्यांना वाटतं.

एक उदाहरण नीट बघूया. समजा ६० किलो वजनाचा पेशंट आहे, काल पोटाचं ऑपरेशन झालंय. ८ वाजता पल्स ८८, बीपी १२४/७८, श्वास १६. ९ वाजता पल्स १०२, बीपी ११८/८०, श्वास २०. १० वाजता पल्स ११६, बीपी ११२/८४, श्वास २४. यातलं कुठलंही बीपी सुटं बघितलं तर तुम्ही "नॉर्मल" लिहून पुढच्या बेडकडे जाल. आता तिन्ही एकाखाली एक ठेवून वाचा. वरचा आकडा उतरतोय, खालचा चढतोय, दोघांमधलं अंतर ४६ होतं ते ३८ झालं, मग २८. पल्स आणि श्वास दोन्ही चढतायत. युरोबॅगमध्ये बघितलं तर दोन तासांत ४० एमएल, आणि मोठ्या माणसाला तासाला किलोमागे निदान ०.५ एमएल लघवी व्हायला हवी, म्हणजे या पेशंटला दोन तासांत ६० तरी. आत कुठेतरी रक्तस्राव होत असू शकतो. शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हार्ट जोरात पळवून बीपी धरून ठेवतं, त्यामुळे बीपी कोसळायची वाट बघत बसलात तर हातातला वेळ गेलेला असतो.

पण लगेच "ब्लीडिंगच आहे" असं डोक्यात पक्कं करू नका हं, इथेच बरेच जण फसतात. पल्स दुखण्याने वाढतो, तापाने वाढतो, पाणी कमी पडलं तरी वाढतो. म्हणून सवय अशी लावा की काहीही वेगळं दिसलं की मनात कमीत कमी तीन कारणं काढायची आणि प्रत्येकासाठी आत्ता इथे काय तपासता येईल ते बघायचं. दुखतंय का, किती, विचारा. टेंपरेचर घ्या. कॅथेटरची नळी कुठे दुमडली नाहीये ना, ते बघा, कारण लघवी कमी दिसायचं कारण तेवढंच पण असू शकतं. ड्रेन (ऑपरेशनच्या जागेतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) रिकामा आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, गुठळीने तो बंद झालेला असू शकतो. ड्रेसिंग वरून कोरडं दिसलं तरी ग्लोव्ह घालून पेशंटच्या कुशीखाली हात घालून बघा, रक्त खाली ओघळून चादरीत जातं. हातपाय गार लागतायत का बघा. हे सगळं करायला पाच मिनिटं सुद्धा लागत नाहीत, आणि पेशंट बिघडलेला दिसत असेल तर तेवढं पण न थांबता आधी सिनियरला हाक मारा, बाकीचं तपासणं बरोबरीने करता येतं.

श्वास मोजायचा म्हणजे खरंच मोजायचा. पूर्ण एक मिनिट, आणि पेशंटला न सांगता, नाडी धरलेलीच ठेवून, कारण श्वास मोजतायत कळलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो. सगळ्या वॉर्डाच्या चार्टवर १८, १८, २० असं दिसलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी हाच आकडा बदलतो.

मशीनचं पण तसंच. बोट गार असेल किंवा गडद नेलपॉलिश असेल तर ऑक्सिमीटरचं रीडिंग चुकू शकतं, आणि धुरात गुदमरलेल्या पेशंटमध्ये कार्बन मोनॉक्साइडमुळे ते चक्क चांगलं दिसू शकतं. आधी माणूस बघा, मग स्क्रीन. एकदा एक सेकंड इयरची मुलगी माझ्याकडे आली, म्हणाली, "मॅडम, काकांचं सगळं ठीक आहे, पण मगाशी गप्पा मारत होते आणि आता नुसती चादर ओढतायत." आम्ही जाऊन श्वास मोजला तर २८. ऑक्सिजन कमी पडायला लागला की बेचैनी लवकर दिसते, आणि तिने ती पकडली होती.

औषध देताना नाव, डोस, वेळ बघताच, त्यात एक प्रश्न वाढवा: हे औषध याच पेशंटला का, आणि काय दिसलं तर मी देण्याआधी थांबेन? मॉर्फिन असेल तर श्वास आणि गुंगी. डिगॉक्सिन (हार्टचे ठोके हळू करणारं औषध) असेल तर छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिट ठोके, मोठ्या माणसात ६० च्या खाली आले तर थांबून विचारायचं. इन्सुलिन घेणारा पेशंट बीटा ब्लॉकरवर (हार्टचा वेग कमी ठेवणारं औषध) पण असेल तर शुगर खाली गेल्यावर धडधड जाणवणारच नाही कदाचित, घाम मात्र येतो, म्हणून घामाकडे लक्ष ठेवा आणि शंका आली की शुगर तपासा.

केअर प्लॅन सिनियरच्या फाईलमधून उतरवू नका प्लीज. प्रत्येक डायग्नोसिससमोर पुरावा तुमच्या पेशंटचा हवा, आज बघितलेला. एमसीक्यू सोडवताना उरलेले तीन पर्याय का चूक ते एकेका वाक्यात लिहा, नुसतं बरोबर उत्तर टिक करून काही हाती लागत नाही.

आणि जे दिसलं ते सांगता आलं पाहिजे. एसबीएआर शिकवतात ना, काय चाललंय, आधीचं काय, मला काय वाटतंय, काय हवंय, ते वापरा. "सर, ६ नंबरच्या पेशंटला जरा बरं वाटत नाहीये" यावरून फोनवर कुणाला काही कळणार नाही. वरच्याच पेशंटसाठी असं बोलून बघा, आज रात्री आरशासमोर मोठ्याने: "सर, ६ नंबर, काल पोटाचं ऑपरेशन झालंय. दोन तासांत पल्स ८८ वरून ११६, बीपी १२४/७८ वरून ११२/८४, श्वास २४, दोन तासांत लघवी ४० एमएल, नळी दुमडलेली नाहीये. मला ब्लीडिंगची शंका येतेय. तुम्ही आत्ता येऊन बघाल का?"