प्री-चेंबरमधून नोझलचं हीट शील्ड काढायचं कसं

जुन्या ट्रॅक्स किंवा टेम्पो ट्रॅव्हलरला मर्सिडीजच्या ओएम ६१६ जातीचं २.४ लिटरचं प्री-चेंबर इंजिन असतं. त्यात नोझल (डिझेल फवारणारा भाग) आणि प्री-चेंबर (डिझेल आधी पेटतं ती छोटी पोकळी) यांच्यामध्ये एक पातळ, वाटीसारखी चकती बसते. तीच हीट शील्ड. गॅरेजात कोणी तिला नोझलखालचा वायसर म्हणतात. नोझलच्या टोकाला आगीची झळ कमी लागावी आणि गॅस वर येऊ नये म्हणून ती असते. नोझल घट्ट केला की ती दबते आणि त्यातूनच सील तयार होतो. एकदा दबलेली चकती दुसऱ्यांदा तशी दबत नाही, म्हणून नोझल काढला की शील्ड नवं घालायचंच. चार सिलिंडरची चार शील्डं आधी हातात घ्या, मगच पाना लावा.

लागणारं सामान: २७ चा खोल बॉक्स पाना, पाइपच्या नटांसाठी १७ चा पाना, टॉर्क पाना, टोक वाकवलेला हूक, दणकट टॉर्च, चिकट ग्रीस, पाइपची तोंडं झाकायला स्वच्छ टोपणं.

पहिलं काम धुण्याचं. वडापची (सीटवर प्रवासी नेणारी) गाडी पावसाळ्यात करूळ घाट चढून आलेली असेल तर नोझलच्या खाचेत तांबडी माती भरलेली असते. ती डिझेलनं भिजवून, ब्रशनं घासून, हवेनं उडवा. ही हवा नोझल जागेवर असतानाच मारायची, नंतर नाही.

इंजिन कोमट असताना आटे सोपे सुटतात. पाइप सोडून लगेच टोपणं घाला, रिटर्नच्या (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) बारीक नळ्या हळू ओढा. त्या कडक झाल्या असतील तर तुटणारच, त्यामुळे नव्या आणून ठेवलेल्या बऱ्या. नोझल सोडले की रेडिएटरकडून १, २, ३, ४ अशा क्रमानं ओळीत ठेवा.

आता टॉर्च मारून आत बघा. शील्ड कधी नोझललाच चिकटून वर येतं, पण बहुतेक वेळा कार्बननं खाली धरून ठेवलेलं असतं. वाटीचं तोंड वर आहे की खाली, ते बघा आणि मोबाइलवर फोटो काढा. नवं त्याच बाजूनं बसवायचं आहे.

चुका होतात त्या इथं. स्क्रू ड्रायव्हर मधल्या भोकात घालून हातोडीनं ठोकला की शील्ड फाटतं आणि तुकडा प्री-चेंबरमध्ये पडतो. चेंबरच्या तळाची भोकं बारीक असतात. तुकडा तिथं अडकला तर ज्वाला नीट बाहेर पडत नाही, आणि खाली उतरला तर थेट पिस्टनवर.

जोर खाली लावायचा नाही, वर ओढायचं. निमुळतं, कोनेदार टोक असलेलं हत्यार घ्या. तुटलेला बोल्ट काढायचा एक्स्ट्रॅक्टर यासाठी उत्तम. टोकाला ग्रीस लावा म्हणजे कार्बनचा चुरा त्याला चिकटेल. भोकात हातानंच फिरवत बसवा आणि पकड आली की पिळत पिळत वर घ्या. सुटत नसेल तर कडेला डिझेलचे दोन थेंब सोडून थोडा वेळ थांबा. भोक झिजून मोठं झालं असेल तर हूक काठाखाली घालून एकदा इकडून, एकदा तिकडून उचला. ज्या काठावर शील्ड टेकतं तिथं चरा पडू देऊ नका. पुढं गॅस तिथूनच गळतो.

चार नोझलची चारच शील्डं निघाली पाहिजेत. पाचवं निघालं तर आधीच्या कोणीतरी जुन्यावरच नवं घातलं होतं असं समजा. त्यानं नोझल वर उचलला जातो आणि सील नीट बसत नाही.

बैठक, म्हणजे शील्ड टेकतं ती जागा, लाकडी काडीला चिंधी गुंडाळून पुसा. मग स्टॉप केबल (इंजिनाचं डिझेल तोडणारी) ओढून धरून स्टार्टर चार-पाच सेकंद फिरवा, सुटा कार्बन बाहेर उडेल. तोंड लांब ठेवा. डिझेलचा फवारा डोळ्यात जातो.

नोझल निघालेच आहेत तर उद्यमनगरात (कारखान्यांच्या वसाहतीत) पंप-नोझलवाल्याकडून टेस्ट करून घ्या. टर्बो नसलेल्या इंजिनाला नवा नोझल ११५ ते १२५ बारला उघडतो.

नवं शील्ड काडीवर टेकवून आत सरळ सोडा. नोझल आधी दोन-तीन आटे हातानंच लावा, मग ७० ते ८० न्यूटन-मीटरला आवळा. अंदाजानं जास्त ताणला तर आतली सुई जाम होते. पाइपचे नट नोझलकडे सैल ठेवून स्टार्टर मारा; बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की घट्ट करा.

गाडी चालू करून नोझलच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले किंवा फुस-फुस आवाज आला तर तो नोझल पुन्हा काढा, बैठक पुसा आणि आणखी एक नवं शील्ड घाला. म्हणून चार लागतात तिथं पाच विकत घ्यावीत.