मुखपृष्ठ दिसतंय, पुस्तक कुठाय? मोबाइलवर वाचताना या चुका टाळा

मडगावहून मांडवी एक्स्प्रेसने मुंबईला निघाले होते. आदल्या रात्री ॲपवर तीन पुस्तकं घेतलेली. मुखपृष्ठं एका रांगेत दिसत होती, म्हटलं दिवसभराची सोय झाली. कुडाळ मागे पडल्यावर पहिलं पुस्तक उघडलं, तर मधोमध नुसतं चक्र गरगरत राहिलं. जरा रेंज आली की पुस्तक थोडंसं उतरायचं, लगेच बोगदा यायचा. रत्नागिरीपुढचा करबुडेचा बोगदा तर एकटाच साडेसहा किलोमीटरचा! शेवटी भजी खाल्ली आणि झोपले.

ॲप उघडल्यावर दिसते ती आपल्या नावावरच्या पुस्तकांची यादी. खरी फाइल फोनात उतरते ती मुखपृष्ठावर बोट टेकवल्यावर, आणि तेही नेट असेल तर. उतरलेल्या पुस्तकावर बहुतेक ॲपांत बरोबरची खूण असते, पण माझा त्या खुणेवरही फारसा विश्वास नाही. प्रवासाच्या आदल्या रात्री फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, प्रत्येक पुस्तक उघडायचं आणि मधलं एखादं पान काढून बघायचं. उघडलं तर ते आपलं.

फोन भरला की घरातलं कुणीतरी पोर ‘थांब, मी साफ करून देतो’ म्हणून पुढे येतं. त्याला कॅशे (ॲपने तात्पुरतं साठवलेलं) आणि डेटा यातला फरक आधी विचारा. कॅशे साफ केली तर सहसा काही बिघडत नाही. डेटा किंवा स्टोरेज साफ केलं की उतरवलेली सगळी पुस्तकं जातात. विकत घेतलेली असतील ती पुन्हा उतरवता येतात. पण खातंबितं नसलेल्या साध्या रीडरमध्ये, म्हणजे नुसत्या फाइली उघडून वाचायच्या ॲपमध्ये, वाचत असाल, तर वाचनखुणा आणि टिपणंही गेली, ती परत येत नाहीत. ‘फोनवरून काढा’ आणि ‘कायमचं हटवा’ हे दोन पर्यायही एकाखाली एक असतात. घाईत चुकीच्या ओळीवर बोट पडतं.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलींचं वेगळंच दुखणं. रीडर ती तिथल्या तिथे उघडतो, आपल्याला वाटतं पुस्तक ॲपमध्ये आलं. महिन्याने चॅट साफ करताना मीडियाही पुसला जातो आणि पुस्तक अर्ध्यावर गायब. आलेली फाइल आधी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी, मग उघडावी.

‘घेतलेलं पुस्तक दिसतच नाही’ या तक्रारीमागे निम्म्या वेळा दुसरं खातं निघतं. आमच्या गोव्यात तर हे फारच. फोन दुबईच्या भावाने आणून दिलेला, त्यात त्याचंच गूगल खातं घातलेलं, आणि आपण पैसे भरले ते आपल्या खात्यावरून. गूगलच्या प्ले बुक्स ॲपमध्ये वर कोपऱ्यात फोटो असतो, त्यावर बोट ठेवून खातं बदललं की पुस्तक हजर. ॲमेझॉनच्या किंडलचंही तसंच. अमेरिकेच्या खात्यावर घेतलेलं पुस्तक भारताच्या खात्यात शोधून काय मिळणार?

आता पीडीएफ. मराठीत फुकट मिळणाऱ्यांतली कितीतरी पुस्तकं पीडीएफमध्येच असतात, म्हणून यावर जरा थांबते. फोंड्याच्या माझ्या आत्याला मी हौसेने एक पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन, ‘अगे, या मुंग्या कोण वाचणार?’ अक्षर मोठं करायला सेटिंगमध्ये शोधशोध शोधलं, तर तो पर्यायच नाही. नसणारच. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा जणू फोटो. ए-फोर आकाराचं पान तळहाताएवढ्या पडद्यावर आक्रसतं, चिमटीने मोठं केलं तर प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागते. ईपब या दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत मात्र मजकूर पडद्याप्रमाणे वाहतो, अक्षर हवं तेवढं वाढवा. दोन्ही मिळत असतील तर डोळे मिटून ईपब घ्या. पीडीएफच असेल तर फोन आडवा धरा आणि रीडरमध्ये कडेच्या कोऱ्या जागा कापायची सोय आहे का बघा, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

मी तिला फोनकडून वाचून घेण्याचा उपाय सुचवला. फोनने तोंड उघडलं आणि इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के असं काहीबाही बरळू लागला. ‘मंत्र म्हणतो काय हा?’ आत्या. ते पुस्तक युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टात जुळवलेलं होतं. त्यात डोळ्यांना ‘क’ दिसतो, पण आत भलतंच चिन्ह साठवलेलं असतं. म्हणून अशा फाइलीत शोधलेला शब्द सापडत नाही, कॉपी केलेली ओळ कचरा होऊन चिकटते. ॲप बदलून उपयोग नाही, फाइलच दुसरी शोधायला हवी.

शब्द न सापडण्याचं आणखी एक कारण युनिकोड पुस्तकातही असतं. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा 2008 साली मिळाली. त्याआधीच्या पद्धतीने कुणी ‘अ’वर चंद्र ठेवला असेल, तर दिसायला अक्षर तेच, शोधायला वेगळं. ‘ॲम्ब्युलन्स’ सापडली नाही तर नुसतं ‘म्ब्युलन्स’ टाकून बघा.

शेवटची शब्दसूची बघायला म्हणून पुस्तकाच्या टोकाला उडी मारू नका, निदान दोन उपकरणांवर वाचत असाल तर. किंडल ‘सर्वात पुढे वाचलेलं पान’ लक्षात ठेवतं. टॅबवर पुस्तक उघडलं की ते विचारतं, शेवटच्या पानावर नेऊ का? तेव्हा सरळ नाही म्हणा.

आणि पाऊस. जूनमध्ये चोडणच्या फेरीबोटीत वाचत असताना पानं आपोआप उलटायला लागली, मला वाटलं ॲप बिघडलं. पडद्यावर पडलेल्या थेंबांना फोन बोटं समजत होता. तेव्हापासून पातळ प्लॅस्टिकच्या झिपवाल्या पिशवीत फोन घालून वाचते. पिशवीतूनही बोट कळतं, आणि तरी नाठाळपणा केला तर सेटिंगमध्ये आवाजाच्या बटणाने पान उलटायची सोय चालू करते. रायबंदरच्या धक्क्याला लागेपर्यंत एक प्रकरण सहज होतं.