कन्व्हिक्ट सिक्लिडची जोडी : मादी वाचवायची तर

अंडी घातल्यावर कन्व्हिक्ट सिक्लिड या शोभेच्या माशांची जोडी इतर माशांना टाकीच्या एका कोपऱ्यात कोंडते, म्हणून ते आधीच दुसरीकडे हलवा. पण मग हाकलायला कुणी उरत नाही आणि नर मादीवरच उलटतो. खरी अडचण इथेच आहे.

3 फुटी टाकीत मधोमध प्लास्टिकची कडक जाळी उभी करा. तळाशी दोन-तीन भोकं पाडा, मादी निसटेल पण नर अडकेल एवढीच. नर बराच मोठा असल्याने हे जमतं. दोघं सारख्याच आकाराचे असतील तर भोकं न पाडता पूर्ण आडोसाच ठेवा. मातीची कुंडी मादीच्या बाजूला आडवी ठेवा. जाळीची कड वाळूत नीट रोवा, हे मासे खणून वाट काढतात.

मादी हीटरमागे, पाण्याच्या वरच्या थरात लपून बसली, शेपटी फाटलेली दिसली, तर वाट न पाहता नराला बाहेर काढा. पिल्लं ती एकटीही सांभाळते.

26-27 अंशांना अंडी साधारण 3 दिवसांत फुटतात, पिल्लं आठवड्याभरात पोहू लागतात. महिन्याभराने ती वेगळी करा, कारण तोवर नर पुन्हा विणीच्या घाईत असतो.