जनुकीय व प्रथिन विश्लेषण बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घेताना

नमुने गोळा करण्यापूर्वीच प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांशी प्रयोगाच्या आराखड्याबद्दल सविस्तर बोलावे. प्रत्येक गटात किमान 3 स्वतंत्र जैविक नमुने नसतील, तर नंतरचे कोणतेही संख्याशास्त्र ती उणीव भरून काढू शकत नाही. मानवी नमुन्यांसाठी नैतिकता समितीची मंजुरी आधीच घ्यावी. आरएनए (जनुकांमधील माहिती वाहून नेणारा रेणू) उणे 80 अंश सेल्सिअसला साठवून ड्राय आइसमध्ये (घनरूप कार्बन डायऑक्साइडमध्ये) पाठवावा आणि त्याच्या अखंडतेचा (तो तुटलेला नाही याचा) तपासणी अहवाल हाती आल्याशिवाय सिक्वेन्सिंगच्या (जनुकीय क्रम वाचण्याच्या) खर्चास संमती देऊ नये. प्रथिनांच्या नमुन्यात प्रथिने विरघळवण्यासाठी कोणते डिटर्जंट वापरले हे अवश्य कळवावे, कारण एसडीएस हे डिटर्जंट मास स्पेक्ट्रोमीटरमधील (रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रातील) संकेत दडपते. फास्टक्यू (सिक्वेन्सिंगमधून मिळणारी कच्ची माहिती) व मास स्पेक्ट्रोमीटरच्या मूळ फाइली, तसेच वापरलेल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या मिळतील, असे करारात लिहून घ्यावे. केवळ आलेख मिळाल्यास निष्कर्षांची फेरतपासणी करता येत नाही.