व्हीएआर असला तरी आधी शिट्टी: रेफरीने तपासणी कशी करावी

फुटबॉलमध्ये व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ रूममध्ये बसून रिप्ले तपासणारा रेफरी, असला तरी निर्णय आधी मैदानातच द्यायचा. 'व्हिडिओ बघून सांगतो' म्हणायची मुभा रेफरीला नाही. दिलेला निर्णय हेडसेटवर कारणासकट बोला: 'पेनल्टी नाही, बचावपटूचा पाय आधी बॉलला लागला.' मग व्हिडिओ रूममध्ये नेमकं काय पडताळायचं ते कळतं. हे राहिलं की काय होतं, ते 30 सप्टेंबर 2023 च्या टॉटनहॅम-लिव्हरपूल सामन्यात दिसलं. लुईस डियासचा गोल मैदानात ऑफसाइड दिला होता. व्हिडिओ रूमला वाटलं गोल दिलाय. 'चेक कम्प्लीट', म्हणजे मैदानातला निर्णय बरोबर, म्हणून कळवलं, फ्री किक घेतली गेली आणि वैध गोल गेला. खेळ एकदा सुरू झाला की, मारामारी किंवा थुंकण्यासारखे मोजके प्रकार सोडले, तर मागे येता येत नाही.

म्हणून रूममध्ये तपासणी चालू असेल तर खेळ सुरू करू देऊ नका: एक बोट कानाला, दुसरा हात पुढे. ऑफसाइड रेषा, बॉल बाहेर गेला का, फाउल पेनल्टी बॉक्सच्या आत की बाहेर, ही वस्तुस्थिती रूमकडून घेतली तरी चालते. हँडबॉल, टॅकलचा जोर यांचा निवाडा असेल तर हाताने टीव्हीचा चौकोन दाखवून मैदानाकडेच्या मॉनिटरकडे स्वतः जा.

खरी गफलत होते ती मॉनिटरपाशी. बॉलवरून घसरून घोट्यावर गेलेला बूट थांबवलेल्या चित्रात हमखास लाल कार्डाचा वाटतो. त्यामुळे आधी नेहमीच्या वेगात बघा. स्लो मोशन फक्त पाय कुठे लागला, बॉल हाताला लागला का, एवढ्यापुरतं मागा. जोर आणि हेतू त्यात फुगून दिसतात. नंतर लांबचा कॅमेरा मागून त्याच चढाईत आक्रमकांचा आधी फाउल झाला होता का, ते बघा. वेळेची मर्यादा नाही. पण चार-पाच रिप्ले बघूनही चूक उघड दिसत नसेल, तर मूळ निर्णय कायम ठेवा. मॉनिटरच्या जागेत घुसणाऱ्या खेळाडूला पिवळं कार्ड, मग तो कर्णधार का असेना.

परत येताना पुन्हा चौकोन, मग निर्णय. पेनल्टी रद्द झाली आणि खेळ थांबला तेव्हा बॉल बॉक्समध्ये असेल, तर ड्रॉप बॉल (रेफरीने बॉल खाली सोडून खेळ सुरू करणं) बचाव करणाऱ्या गोलकीपरला. मधल्या वेळात हुज्जतीबद्दल दिलेलं पिवळं कार्ड मात्र राहतं.