इंग्रजीत कुणी 'व्हॉट्स अप' म्हटलं की गडबडू नका: या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकाशी ऑनलाइन मीटिंग लागते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आपली पोरं ड्रॉइंगबद्दल, मापाबद्दल इंग्रजीत नीट बोलतात. अडकतात ती पहिल्याच वाक्याला. पलीकडून 'हाऊज इट गोइंग?' येतं आणि इकडं सगळे गप्प.

मूळ चूक एकच: याला परीक्षेतला प्रश्न समजणं. गल्लीत कुणी 'काय चाललंय?' म्हटलं तर आपण 'चाललंय की, तुमचं?' म्हणून पुढं होतो. कन्नड शेजाऱ्याच्या 'ऊटा आतेन्री?'ला (जेवण झालं का?) 'आत्री' (झालं) म्हणतो, ताटात काय होतं ते सांगत नाही. दोन भाषांत रोज जमतं ते तिसरीत जमायला काहीच हरकत नाही. 'गुड, थँक्स. हाऊ आर यू?' एवढं पुरे. मात्र उलट विचारायला विसरू नका. नुसतं 'फाइन' म्हणून थांबलात तर तुटक वाटतं.

'व्हॉट्स अप?'ला 'आय एम फाइन' हे उत्तर बसत नाही. तिथं 'नॉट मच, यू?' म्हणा. ब्रिटिश माणूस 'यू ऑलराइट?' म्हणाला तर आपण आजारी दिसतोय की काय, असं वाटून घेऊ नका. तीही नुसती विचारपूस. 'यस, थँक्स, यू?' म्हणून मोकळे व्हा.

पुष्कळदा अडचण अर्थाची नसते, कानाची असते. पुस्तकात 'हाऊ आर यू' तीन शब्दांत दिसतं, तोंडातून 'हावय्या' असं एका दमात येतं. 'व्हॉट्स अप'चं 'वॉसप', कधी नुसतं 'सप' होतं. शब्द सुटे करत बसू नका, अख्खा आवाज ओळखा. रोज थोडं ऐकून तसंच मोठ्यानं म्हणा. पाठांतरापेक्षा मला हीच सवय मोलाची वाटते.

ओळख करून देताना 'मायसेल्फ अमुक' नको, 'आय एम अमुक' म्हणा. 'सी यू लेटर' हा निरोप आहे, 'कधी?' असं विचारायचं नसतं.

संध्याकाळी कितीही उशिरा भेटलात तरी 'गुड इव्हनिंग'च; 'गुड नाइट' फक्त निघताना. आणि उन्हाळ्यात आपल्याकडं साडेसहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ झालेले असतात. अशा वेळी मॉर्निंग की इव्हनिंग या घोळात न पडता सरळ 'हॅलो' म्हणा.