आधी रक्ताची तारीख, मग वाढदिवसाची

आमच्या लेकीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे तिच्या शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन तयार होत नाही आणि ठरावीक दिवसांनी रक्त चढवावं लागतं. दत्तक घेताना हे तिच्या वैद्यकीय अहवालात स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्ही ते वाचलं, डॉक्टरांशी बोललो आणि मगच होकार कळवला. या मे महिन्यात ती चार वर्षांची होईल. अशाच आजाराचं मूल घरी आणणाऱ्या काही आईबाबांनी मला विचारलं, की वाढदिवस नेमका कसा करायचा? म्हणून आमच्या घरची पद्धत सविस्तर लिहिते.

हॉल, केक, पाहुणे हे सगळं नंतर. आधी कॅलेंडरवर रक्त चढवायच्या तारखा मांडा. एचबी म्हणजे हिमोग्लोबिन उतरायला लागलं की आमची लेक आधी चिडचिडी होते, मग जेवण टाकते, मग खेळ अर्धा सोडून मांडीवर येऊन पडते. रक्त चढवण्याआधीचं एचबी साधारण ९ ते १०.५ राहावं असं डॉक्टर बघतात. त्या टोकाला आलेल्या मुलाला पन्नास माणसांत उभं करण्यात काय आनंद आहे? रक्त चढवून झालं की तिसऱ्या दिवसापासून पुढचा आठवडाभर ती नुसती पळत असते. पार्टी त्या दिवसांत ठेवा. तारीख जुळत नसेल तर पार्टी पुढे-मागे करा, रक्ताची तारीख मात्र हलवू नका. खऱ्या तारखेला आमच्याकडे सकाळी फक्त औक्षण होतं. सासूबाई निरांजन लावतात, सुपारी आणि अंगठी ओवाळतात, हातावर साखर ठेवतात. आलेल्या रविवारी बाकीचं.

'खरी तारीख' म्हणते खरी, पण बेवारस सापडलेल्या बाळाची जन्मतारीख डॉक्टरांनी तपासून अंदाजाने ठरवलेली असते. दत्तक आदेशात आणि जन्मदाखल्यात तीच येते. नातेवाईक जन्मवेळ विचारतात, रास विचारतात, कुणी पत्रिका करून देतो म्हणतं. आम्ही सांगतो, वेळ माहीत नाही आणि पत्रिका करायची नाही. एवढं बोलून विषय संपवायचा, मुलीसमोर त्यावर चर्चा नको. ती घरी आली तो दिवस आम्ही वेगळा पाळतो, तिघंच, बाहेर जेवायला जाऊन. तो वाढदिवसात मिसळू नये असं मला ठामपणे वाटतं. आमच्या घरी यायच्या आधीच ती जन्मली होती, कुणीतरी तिला नऊ महिने वाढवलं होतं. औक्षण झालं की मी तिला हेच सांगते, "तू दुसऱ्या एका आईच्या पोटातून आलीस, आणि मग आमच्याकडे आलीस." तिला कळेल एवढंच, त्याहून जास्त नाही. मोठी माणसं या दिवशी हमखास देवकी-यशोदेची गोष्ट काढतात. मला ती नको वाटते. त्या गोष्टीत कृष्ण यशोदेला सोडून मथुरेला जातो, आणि लहान मुलांच्या नेमकं तेच लक्षात राहतं.

पहिल्या वर्षी माणसं कमी बोलवा. संस्थेत राहिलेल्या मुलासाठी अनोळखी माणसांचा घोळका म्हणजे काय असतं, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. आमची लेक सुरुवातीला कुणी पाहुणे आले की चपला घालून दाराशी जाऊन उभी राहायची. आपल्याला न्यायला आलेत असं तिला वाटत असावं. त्यामुळे पहिला वाढदिवस आम्ही आमराईत केला, संध्याकाळी पाचनंतर, ऊन उतरल्यावर. दोन शेजारची मुलं, आजी-आजोबा आणि मावशी, बस. फुगे फोडायचे नाहीत. भेटी एकदम उघडायच्या नाहीत, रोज एक. पार्टी संपल्यावर घरी कोण कोण जाणार, हे सकाळीच तिला सांगून ठेवायचं: "सगळे आपापल्या घरी जातील, आणि तू, मी, बाबा आपल्या घरी."

पाहुण्यांना आदल्या दिवशी फोन करा. सर्दी-खोकला असेल तर येऊ नका, हे मोकळेपणाने सांगा. आणि दुसरंही सांगा: 'बिचारी' म्हणायचं नाही, 'केवढं पुण्य केलंत' म्हणायचं नाही. मुलांना शब्द कळतात. आजार संसर्गाचा नाही, आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे या आजाराचा जनुकीय दोष अंगात असलेले, असतील तरच मुलात येतो, हेही फोनवरच सांगून टाकावं, म्हणजे केक कापताना कुणी विचारत बसत नाही.

खाण्याचं बघू. 'हिला रक्त कमी आहे' एवढंच ऐकलेली माणसं प्रेमाने अळिवाचे लाडू, खजूर, बीटची टिक्की घेऊन येतात. या मुलांना नेमकं हेच नको असतं, कारण त्यांच्या अंगात लोह साठत जातं. मात्र ते मुख्यतः ताटातून येत नाही. रक्ताच्या एका पूर्ण पिशवीत सुमारे २०० मिलिग्रॅम लोह असतं, त्यापुढे एका दिवसाचा खाऊ काहीच नाही. तेव्हा मुलाच्या हातातला घास काढून घेऊ नका. लाडू दुसऱ्या मुलांना वाटा आणि आपला बेत असा ठेवा की 'नको' म्हणायची वेळच येऊ नये. आमच्याकडे नरसोबावाडीची बासुंदी, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी असते, मोठ्यांना भडंग. पुऱ्या लोखंडी कढईत तळत नाही. जेवणाबरोबर लिंबू सरबत देत नाही, कारण 'क' जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. साधा व्हॅनिला केक चालतो.

लोह उतरवायचं औषध वाढदिवसालाही चुकवायचं नाही. डेफेरासिरॉक्सची गोळी आमच्याकडे सकाळी उपाशीपोटी पाण्यात विरघळवून देतात, रोज त्याच वेळेला. औक्षण आणि साखर त्यानंतर. गडबडीत राहून जाऊ नये म्हणून ते काम त्या दिवशी बाबांकडे. ताप आला तर पार्टी रद्द आणि लगेच डॉक्टरांना फोन. औषध द्यायचं की थांबवायचं ते तेच ठरवतील.

वाढदिवस अनाथाश्रमात करा असं बरेच जण सुचवतात. आम्ही करत नाही. तिथली मुलं रांगेत उभी राहून दुसऱ्याच्या आई-बाबांसमोर गाणं म्हणतात आणि एक एक तुकडा केक घेऊन आत जातात. आमची लेक त्या रांगेत होती. द्यायचंच असेल तर अधीक्षकांना फोन करून विचारा काय कमी आहे, आणि डायपर असोत की दुधाची पावडर, गाजावाजा न करता पोचवा.

भेट काय आणू असं विचारणाऱ्यांना आम्ही रक्तदान करा म्हणतो. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं कमी होतात आणि रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, एचबी किमान १२.५ असलं की बहुतेकांना देता येतं. पुरुषांना ९० दिवसांनी, स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा. मात्र सगळ्यांनी एकाच दिवशी जाऊ नये. रक्तपेढीत साठवलेल्या लाल पेशी साधारण ४२ दिवसच टिकतात आणि या मुलांना शक्य तितक्या ताज्या लागतात. म्हणून मी आधी रक्तपेढीला फोन करते, त्यांना कुठल्या आठवड्यात गरज आहे ते विचारते आणि दात्यांना तशा तारखा वाटून देते. लेकीला तिथे नेत नाही, तिचा फोटो लावून शिबिर घेत नाही. कुणी 'तिच्यासाठी दिलं' असं तिला सांगायला लागलं, तर मी त्यांना थांबवते. यंदाची यादी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करायची आहे, चुलत दिरांची नावं पहिली लिहून ठेवली आहेत.